कुर्दांना सोडून जाताना : परराष्ट्र घडामोडींवर लिहिणाऱ्या मराठी स्तंभलेखकांना खुले पत्र

सन्माननीय स्तंभलेखक, अग्रलेखकार आणि पुरवणी संपादक यांस,



युद्धातल्या साथीदाराचा लष्करी आधार काढून घेणे केव्हा रास्त आणि केव्हा अन्याय्य, हा प्रश्न कुर्दांच्या बाबतीत गेल्या पन्नास वर्षांत निदान चार वेळा उभा राहिला. १९७५ मध्ये इराकच्या डोंगरांत, १९९१ मध्ये पुन्हा तिथेच, २०१७ मध्ये किर्कुक शहरात आणि २०१९ मध्ये सीरियाच्या उत्तर सीमेवर. चारही वेळा पाठ फिरवणारी बडी सत्ता एकच होती, अमेरिका. सोडले गेलेले कुर्द मात्र दर वेळी तेच नव्हते आणि सोडण्याची रीतही एक नव्हती. मराठी वर्तमानपत्रांत या विषयावर जे लिहिले जाते त्यात हा फरक क्वचितच दिसतो. बहुतेक लेख दोन ठरीव वाक्यांच्या आधाराने उभे असतात. राष्ट्रांना कायमचे मित्र नसतात, कायमचे हितसंबंध असतात, हे एक. कुर्दांना डोंगरांवाचून मित्र नाही, हे दुसरे. पहिले वाक्य प्रश्न मिटवून टाकते, दुसरे त्यावर हळहळते. वर ‘गरज सरो नि वैद्य मरो’ असा मथळा दिला की काम भागले.

आधी दुसऱ्या वाक्याविषयी, कारण त्यातली चूक भूगोलाची आहे. इराकमधल्या कुर्दांना ते लागू पडते. झाग्रोसच्या रांगांनी त्यांना अनेकदा वाचवले आहे. सीरियातला कुर्द मुलूख मात्र, पश्चिमेचा आफ्रिन सोडला, तर बव्हंशी सपाट आहे. गव्हाची शेते, कापूस, धुळीचे रस्ते. कोबानीकडून पूर्वेला कामिश्लीकडे जाताना तुर्कस्तान आणि सीरिया यांची सीमा म्हणजे बऱ्याच लांबीत चक्क रेल्वेचे रूळ आहेत. जर्मनांच्या मदतीने उस्मानी काळात बांधायला घेतलेली ही बर्लिन-बगदाद लाइन; पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी १९२१ च्या अंकारा करारात तिलाच सीमा मानले. रास अल-ऐन हे गाव सीरियात, जेलानपिनार तुर्कस्तानात आणि मधे रूळ. अशा जागी रणगाडे आले तर आसऱ्याला डोंगर नसतो. असतात ते खंदक, मातीचे बांध आणि जमिनीखालची भुयारे. २०१९ चा नैतिक प्रश्न या खंदकांपाशीच आहे, आणि मराठी लेखांत नेमके तेच सापडत नाहीत.

घटनाक्रम असा. २०१४ च्या सप्टेंबरात आयसिसने कोबानीला वेढा घातला. वायपीजी या सीरियन कुर्दांच्या सशस्त्र दलाने शहर सोडले नाही. ऑक्टोबरात अमेरिकी विमानांनी त्यांच्यासाठी शस्त्रे आणि औषधे टाकली आणि जानेवारी २०१५ मध्ये वेढा मोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुर्द, अरब आणि सिरियॅक ख्रिस्ती गटांची मिळून सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस, म्हणजे एसडीएफ, उभी राहिली. २०१६ मध्ये मनबिज, ऑक्टोबर २०१७ मध्ये रक्का, मार्च २०१९ मध्ये बागूझ हे आयसिसच्या ताब्यातले शेवटचे खेडे, असा हा प्रवास झाला. एसडीएफच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे या लढाईत त्यांची सुमारे ११,००० माणसे कामी आली. लढाईत पडलेले अमेरिकी सैनिक फारच थोडे. विमाने, तोफा आणि टेहळणी अमेरिकेची, जमिनीवरची माणसे यांची, अशी वाटणीच होती.

तुर्कस्तानला हे पहिल्यापासून मान्य नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिका आणि तुर्कस्तान यांच्यात सीमेलगत ‘सुरक्षा यंत्रणा’ उभारण्याचे ठरले. तिचा एक भाग म्हणून एसडीएफने तेल अब्याद आणि रास अल-ऐन या पट्ट्यातले आपले बांध पाडले, खंदक आणि भुयारे बुजवली, जड शस्त्रे मागे नेली. हे अमेरिकेच्या सांगण्यावरून आणि तिच्या देखरेखीखाली झाले. बांध पाडतानाची छायाचित्रे अमेरिकी लष्करानेच प्रसिद्ध केली. सप्टेंबरात अमेरिकी आणि तुर्की वाहनांची संयुक्त गस्त सुरू झाली. पुढे ६ ऑक्टोबरला डोनाल्ड ट्रम्प आणि रेजेप तय्यिप एर्दोगान यांचे फोनवर बोलणे झाले आणि त्याच रात्री व्हाइट हाउसने निवेदन काढले. तुर्कस्तान लवकरच बऱ्याच दिवसांपासून ठरवलेली मोहीम सुरू करील, अमेरिकी सैन्य तिला साथ देणार नाही आणि त्या परिसरात थांबणारही नाही, असे त्यात होते. ठाण्यांवरून हललेले सैनिक जेमतेम पन्नास-शंभर. ९ ऑक्टोबरला हल्ला सुरू झाला. तो मुख्यतः त्याच पट्ट्यात झाला जिथले खंदक सहा आठवड्यांपूर्वी बुजवले होते.

पुढचे आठ-दहा दिवस कुणालाच भूषणावह नव्हते. हेवरिन खलफ या कुर्द राजकीय नेत्या १२ ऑक्टोबरला महामार्गावर मारल्या गेल्या. मारणारे तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरचे सीरियन बंदूकधारी होते. दुसऱ्या दिवशी एसडीएफने दमास्कसशी, म्हणजे बशर अल-असद यांच्या राजवटीशी, समझोता केला आणि सीरियन सैन्याला सीमेवर बोलावले. अमेरिकी सैन्य इतक्या घाईने निघाले की कोबानीजवळच्या लाफार्ज सिमेंट कारखान्यातल्या आपल्याच तळावरचा दारूगोळा त्याला आपल्याच विमानांनी उडवावा लागला. कामिश्लीत लोकांनी निघालेल्या गाड्यांवर बटाटे फेकले. दोनेक लाख माणसे घरांतून उठली. रास अल-ऐनजवळचे अलूक पाणीपुरवठा केंद्र तुर्की बाजूच्या ताब्यात गेले आणि हसाका परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांचे पाणी त्यानंतर वारंवार तुटू लागले. नळ कोरडा पडण्याची ही गोष्ट बातमीत फार काळ टिकली नाही, आणि स्तंभांत तर आलीच नाही.

या माहितीवरून नैतिक प्रश्न कुठे उभा राहतो, हे नीट पाहावे लागते. अमेरिकेने सीरियात कायम राहायला हवे होते, असा दावा कुणी शहाणा माणूस करणार नाही. तिथे सैन्य ठेवण्याला सीरियाच्या सरकारची संमती नव्हती. अमेरिकेच्या संसदेने कुर्दांच्या रक्षणासाठी सैन्य पाठवण्याचा ठराव कधीच केला नव्हता. कायदेशीर आधार होता तो २००१ च्या दहशतवादविरोधी परवानगीचा ओढूनताणून केलेला वापर. १६ ऑक्टोबर २०१९ ला प्रतिनिधिगृहाने ३५४ विरुद्ध ६० मतांनी माघारीचा निषेध केला खरा, पण निषेधाला मत देणे फुकट असते. या मैत्रीची जबाबदारी घेणारे मत त्याआधीची पाच वर्षे कुणी मागितले नव्हते आणि दिलेही नव्हते. एसडीएफशी कोणताही संरक्षण करार नव्हता. उलट, हे नाते तात्पुरते, व्यवहारापुरते आणि डावपेचांपुरते आहे, असे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या एका अधिकाऱ्याने २०१७ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. कुर्द नेतेही भाबडे नव्हते. मॉस्कोशी आणि दमास्कसशी त्यांचे दुवे आधीपासून होते.

एवढे मान्य केल्यावरही ऑगस्टमधले खंदक उरतात. ज्याला आपण कधीतरी सोडून जाणार आहोत त्याला तसे सांगणे हा सरळ व्यवहार झाला. ‘तुझे संरक्षण तूच मोडून टाक, शेजाऱ्याला तुझी भीती वाटते, बाकी आम्ही बघतो’ असे सांगून, त्याने ते मोडल्यावर निघून जाणे ही वेगळीच कृती आहे. ती माघार नाही. विहिरीत उतरायला लावून वरून दोर सोडून देण्यातला हा प्रकार आहे. इथे जबाबदारी मैत्रीतून येत नाही, कृतज्ञतेतून येत नाही, लेखी वचनातूनही येत नाही. आपल्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने स्वतःला उघडे पाडले, एवढ्यावरच ती उभी राहते.

नीतिशास्त्रात या विचाराला चांगला आधार आहे. टी. एम. स्कॅन्लन या अमेरिकी तत्त्वज्ञाने वचनांच्या बंधनाचे मूळ, आपण दुसऱ्याच्या मनात जाणूनबुजून निर्माण केलेल्या अपेक्षेत शोधले. औपचारिक वचन हा त्या अपेक्षेचा एक प्रकार ठरतो, एकमेव नव्हे. रॉबर्ट गुडिन यांनी १९८५ च्या ‘प्रोटेक्टिंग द व्हल्नरेबल’ या पुस्तकात मांडले की आपल्या कृतींमुळे ज्याचे बरेवाईट होऊ शकते अशा दुबळ्या माणसाविषयी आपले विशेष कर्तव्य असते, मग त्याच्याशी करार झालेला असो वा नसो. युद्ध सुरू करण्याची नीती आणि युद्धातल्या वागणुकीची नीती यांवर शतकानुशतके लिहिले गेले. युद्धातून बाहेर पडण्याच्या नीतीकडे विचारवंतांचे लक्ष अलीकडेच वळले आहे. या दृष्टीने पाहिले तर ‘कायमचे हितसंबंध’ हे वाक्य प्रश्नाला भिडतच नाही. लॉर्ड पामर्स्टन यांनी १८४८ मध्ये ब्रिटिश संसदेत याच आशयाचे शब्द उच्चारले. परराष्ट्र धोरण कशाने चालते याचे ते वर्णन आहे. माणसे स्वार्थाने वागतात हे खरे असले म्हणून विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणारा निर्दोष ठरत नाही. राष्ट्रांच्या बाबतीत तो ठरतो असे मानायचे तर कारण द्यावे लागेल. ते कारण स्तंभांत दिलेले आढळत नाही. वाक्य टाकून लेख पुढे सरकतो.

दुसरी तक्रार यादीची आहे. ‘कुर्दांचा विश्वासघात’ या मथळ्याखाली १९७५, १९९१, २०१७ आणि २०१९ अशी साखळी दिली जाते, आणि तिच्या आधी कुर्दांना स्वायत्ततेचे आश्वासन देणारा १९२० चा सेव्र करार आणि ते पुसून टाकणारा १९२३ चा लोझान करार जोडला जातो. साखळी लांबली की लेख भारदस्त दिसतो. पण यातला प्रत्येक प्रसंग वेगळ्या जातीचा आहे.

१९७५ चा प्रसंग सर्वांत काळा. मे १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन आणि हेन्री किसिंजर तेहरानला गेले होते. इराकच्या बाथ राजवटीला त्रास द्यावा म्हणून इराकी कुर्दांचे नेते मुस्तफा बारझानी यांच्या बंडाला मदत करा, अशी इराणच्या शहाची मागणी होती. अमेरिकेने सीआयएमार्फत सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरची गुप्त मदत दिली. शहाची मदत त्याहून कितीतरी मोठी होती. बारझानींचा शहावर काडीचा विश्वास नव्हता, अमेरिकेवर होता. आनंद म्हणून त्यांनी किसिंजर यांना गालिचे पाठवले, १९७४ मध्ये किसिंजर यांच्या लग्नानिमित्त सोन्या-मोत्यांचा हारही पाठवला. ६ मार्च १९७५ ला अल्जीयर्समध्ये शहा आणि सद्दाम हुसेन यांनी शत्त अल-अरब नदीवरचा वाद मिटवला, आणि कुर्दांची रसद तिथल्या तिथे तुटली. बारझानींनी किसिंजर यांना कळवळून निरोप धाडले. उत्तर आले नाही. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या पाइक समितीने पुढच्या वर्षी हे सगळे आपल्या अहवालात मांडले. सभागृहाने अहवाल दडपण्याचे ठरवले तरी तो फुटला आणि ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात छापून आला. त्यातला निष्कर्ष असा की कुर्दांनी जिंकावे अशी शहाची वा अमेरिकेची इच्छा कधीच नव्हती. त्यांनी फक्त इराकला दमवत राहावे एवढेच हवे होते, आणि हे कुर्दांना कुणी सांगितले नव्हते. म्हणजे इथे अपराध १९७५ मधल्या माघारीचा नाही, १९७२ मधल्या सुरुवातीचा आहे. मदत आणखी दहा वर्षे चालली असती तरी तो अपराधच राहिला असता. बारझानी १९७९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये वारले.

१९९१ मध्ये शस्त्रे दिलीच नव्हती. १५ फेब्रुवारीला थोरल्या बुश यांनी इराकी लष्कराला आणि जनतेला सद्दाम यांना हटवण्याचे जाहीर आवाहन केले. मार्चमध्ये दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द उठले, आणि अमेरिकी सैन्य शेजारी उभे असताना इराकी हेलिकॉप्टरांनी हा उठाव चिरडला. तीन वर्षांपूर्वीच, १६ मार्च १९८८ ला, हलब्जा या इराकी कुर्द शहरात सद्दाम यांच्या सैन्याने सोडलेल्या विषारी वायूने सुमारे पाच हजार माणसे मेली होती. त्यामुळे हेलिकॉप्टर दिसताच लोक गावेच्या गावे सोडून तुर्कस्तान आणि इराणच्या सीमेकडे पळाले. दहा लाखांहून जास्त माणसे थंडीत डोंगरांवर होती. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगितली जाते. ५ एप्रिलला सुरक्षा समितीने ठराव ६८८ केला, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी उत्तर इराकवर इराकी विमानांना बंदी घातली, आणि त्या छत्राखाली आजचे कुर्दिस्तान प्रादेशिक सरकार वाढले. चिथावणी देऊन हात वर करण्याच्या चुकीची ही अर्धीमुर्धी भरपाई होती. ती बारा वर्षे टिकली. सोडून गेलेली सत्ता परत येऊन काही सावरू शकते, याचा एवढा ठळक पुरावा यादीतून गळतो, कारण तो मथळ्यात बसत नाही.

२०१७ तर यादीत असूच नये. सप्टेंबरात इराकी कुर्दिस्तानात स्वातंत्र्यावर सार्वमत झाले, ९० टक्क्यांहून अधिक कौल बाजूने पडला. अमेरिकेने आधीच, वारंवार आणि उघडपणे सांगितले होते की हे करू नका, आम्ही पाठीशी नसू. १६ ऑक्टोबरला इराकी फौजांनी किर्कुक घेतले तेव्हा अमेरिका बाजूला राहिली. यात कठोरपणा आहे, फसवणूक नाही. आणि १९२० चा प्रसंग तर लष्करी साथीदाराचा नाहीच, तो जेत्यांनी कागदावर लिहिलेल्या आणि पुसलेल्या शब्दांचा आहे.

त्या काळातली एक गोष्ट मात्र मराठी वाचकाला सांगण्याजोगी होती. मेसोपोटेमियात ब्रिटिशांसाठी लढलेल्या फौजेत सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन होती, तीत मराठा पलटणी होत्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये कुत अल-अमारा येथे ती शरण गेली. युद्ध संपता संपता ब्रिटिशांनी शेख महमूद बर्झिंजी या कुर्द नेत्याकडे सुलेमानियाचा कारभार दिला, १९१९ मध्ये ते बंड करून उठले तेव्हा हिंदी पलटणींचा भरणा असलेल्या फौजेने बाझियान खिंडीत त्यांना पकडले, आणि फाशीची शिक्षा बदलून त्यांना हद्दपार केले ते हिंदुस्थानात. १९२२ मध्ये तुर्कांना थोपवण्यासाठी ब्रिटिशांनी त्यांनाच परत आणून बसवले. उपयोग, उठाव, शिक्षा आणि पुन्हा उपयोग. अमेरिकेने हा डाव नव्याने शोधलेला नाही.

तिसरी तक्रार हळव्या लेखांविषयी आहे. त्यांत वायपीजीच्या केस बांधलेल्या, बंदूक खांद्याला लावलेल्या तरुणींची छायाचित्रे असतात आणि बाकी फारसे काही नसते. साथीदार निर्मळ असेल तरच त्याच्याविषयी कर्तव्य, असा या लेखांचा न बोललेला आधार आहे, आणि तो लेखकांवरच उलटतो. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने ऑक्टोबर २०१५ मध्ये उत्तर सीरियात वायपीजीने अरब आणि तुर्कमेन लोकांची घरे पाडल्याचे पुरावे दिले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाला वांशिक शुद्धीकरणाचा पुरावा मिळाला नाही, पण लोकांना घराबाहेर काढल्याचे त्यानेही नोंदवले. अल्पवयीन मुलांच्या हाती बंदुका दिल्या जात होत्या. ते थांबवण्याच्या आराखड्यावर एसडीएफचे सेनापती मझलूम अब्दी यांनी २०१९ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांसोबत सही केली. वायपीजी आणि पीकेके ही तुर्कस्तानातल्या कुर्दांची सशस्त्र संघटना यांचे नाते हे तुर्कस्तानचे निव्वळ कुभांड नाही. पीकेकेचे संस्थापक अब्दुल्ला ओजलान यांची चित्रे रक्काच्या चौकात फडकली होती. नाव बदला, असे आपणच त्यांना सुचवले, हे अमेरिकी विशेष दलांच्या प्रमुखांनी २०१७ मध्ये हसत हसत सांगितले. पीकेकेला अमेरिका स्वतःच दहशतवादी संघटना मानत होती, आणि १९८४ पासूनच्या त्या संघर्षात सुमारे ४०,००० माणसे मेली आहेत. १९५२ पासून नाटोत असलेल्या तुर्कस्तानची तक्रार खरी होती. ती खरी असूनही ऑगस्टमधले खंदक बुजवून घेणे आणि ऑक्टोबरात वाट मोकळी करून देणे समर्थनीय ठरत नाही. किंबहुना ती खरी होती म्हणूनच अमेरिकेने २०१४ मध्येच ठरवायला हवे होते की युद्ध संपल्यावर या दोघांमध्ये काय करायचे. शत्रू समोर असताना हा प्रश्न पुढे ढकलणे सोयीचे होते. ढकलण्याची किंमत तिसऱ्याने भरली.

तुर्कस्तानचे हे प्रकरण भारतात आले तेव्हा त्याचा रंग बदलला. सप्टेंबर २०१९ मध्ये एर्दोगान संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर बोलले होते. १० ऑक्टोबरला भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तुर्कस्तानच्या एकतर्फी कारवाईबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली आणि सीरियाच्या सार्वभौमत्वाचा आदर राखण्यास सांगितले. मग कुर्द हे मराठी लेखांत तुर्कस्तानला मारायची काठी झाले. त्यांच्या दुःखाविषयी आस्था असती तर आफ्रिन आठवले असते. जानेवारी ते मार्च २०१८ मध्ये तुर्कस्तानने तो प्रदेश घेतला, लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली, मागे राहिलेली घरे आणि ऑलिव्हच्या बागा लुटल्या गेल्या, आणि अमेरिकेने सांगितले की आफ्रिन आमच्या मोहिमेच्या कक्षेत येत नाही. तेव्हा मराठीत फारसे कुणी काही बोलले नव्हते, कारण तेव्हा काश्मीर मधे आले नव्हते.

भारताशी या लढाईचा एक खरा धागा आहे, आणि तोही वापरला गेला नाही. २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण आयसिसकडे गेले. कोबानी ते बागूझ ज्यांनी झुंज दिली ते ज्या संघटनेशी लढत होते तिची माणसे मध्य रेल्वेच्या लाइनीवरूनही गेली होती. बागूझनंतर एसडीएफच्या तुरुंगांत दहा हजारांहून अधिक कैदी होते आणि अल-होल छावणीत सुमारे ७०,००० माणसे, बहुतांश बायका आणि मुले, कितीतरी देशांतली. बहुतेक देशांनी आपली माणसे परत नेण्याची टाळाटाळ केली. म्हणजे जगाने आपला तुरुंगाधिकारी म्हणून ज्यांना नेमले, त्यांच्यावर हल्ला होणार हे कळूनही कुणी किल्ल्या मागितल्या नाहीत. माघारीच्या नीतीत हा भाग सगळ्यात कमी चर्चिला जातो : सोडून जाणाऱ्याचे कर्तव्य फक्त साथीदाराशी नसते, साथीदाराच्या हाती सोपवलेल्या माणसांशीही असते, आणि त्या माणसांपासून धोका असलेल्यांशीही. जानेवारी २०२२ मध्ये हसाकाच्या तुरुंगावर आयसिसने केलेल्या हल्ल्यात हा धोका प्रत्यक्ष दिसला.

एसडीएफच्या बाजूने एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. ऑक्टोबर २०१९ च्या त्या हल्ल्यादरम्यानही तिने आयसिसचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादीच्या शोधात अमेरिकेला मदत करणे पूर्ण थांबवले नाही. तिच्या एका सल्लागाराने नंतर सांगितले की आपल्या खबऱ्याने डीएनए जुळवण्यासाठी बगदादीची अंतर्वस्त्रे चोरून आणली होती. २६-२७ ऑक्टोबरच्या रात्री बगदादी मारला गेला. त्याआधी काही दिवस, कुर्दांनी नॉर्मंडीच्या लढाईत आम्हाला मदत केली नव्हती, असे ट्रम्प म्हणाले होते.

आता विनंत्या. यापुढे अशा माघारीवर लिहिताना ‘राहावे की जावे’ या एका प्रश्नावर आपण थांबू नये. सुरुवातीला साथीदाराला काय सांगितले होते, मधल्या काळात त्याच्याकडून काय काढून घेतले, निघण्याची सूचना त्याला किती आधी दिली आणि दुसऱ्या कुणाशी समझोता करायला वेळ दिला का, एवढे तरी लिहावे. २०१९ मध्ये अमेरिकेने सहा महिन्यांची सूचना देऊन एसडीएफ आणि दमास्कस यांच्यात बोलणी होऊ दिली असती, तर निघणे तेच राहिले असते आणि त्याचा नैतिक अर्थ पार बदलला असता. प्रत्यक्षात ती बोलणी बंदुकीच्या धाकाखाली दोन-चार दिवसांत झाली. डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळल्यावर, १० मार्च २०२५ ला मझलूम अब्दी यांनी नव्या सरकारचे प्रमुख अहमद अल-शरा यांच्याशी एसडीएफ राष्ट्रीय सैन्यात सामावून घेण्याचा करार केला. दमास्कसशी बोलणे २०१९ मध्येही अशक्य नव्हते, हे त्यावरून दिसते.

दुसरी विनंती, कुर्दांना एक व्यक्ती समजू नये. बारझानींचा पक्ष, सुलेमानियाचा तालाबानी गट आणि पीकेके-वायपीजी यांच्यात आपसांत वैरे राहिली आहेत, लढायाही झाल्या आहेत. १९९६ मध्ये बारझानी पुत्राने एर्बिल घेण्यासाठी सद्दाम यांचे रणगाडे बोलावले होते. साथीदारही साथ सोडतात, हे लिहिल्याने कुणाचे दुःख हलके होत नाही.

तिसरी विनंती जरा अवघड आहे. अमेरिकेला जो दंडक लावला जातो तोच भारतालाही लावून पाहावा. ऐंशीच्या दशकात श्रीलंकेतल्या तमिळ सशस्त्र गटांना भारताने आपल्या भूमीवर प्रशिक्षण आणि शस्त्रे दिली. १९८७ च्या करारानंतर त्यांना शस्त्रे खाली ठेवायला सांगितले गेले, आणि त्याच वर्षी भारतीय शांतिसेना त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या गटाशी लढत होती. दोन्ही प्रकरणे सारखी नाहीत. तमिळ गटांनी दिलेला शब्द किती पाळला याचाही हिशेब मांडावा लागेल. पण तात्पुरत्या साथीदाराला उभे करताना शेवटाचा विचार केला होता का, हा प्रश्न दिल्लीलाही विचारता येतो, आणि मराठीत तो वॉशिंग्टनला विचारतात तेवढ्या जोराने विचारलेला दिसत नाही.

शेवटची विनंती संपादकांना. या प्रदेशावरचा लेख बातमी थंडावल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा छापावा, भले अर्ध्या कॉलमाचा. अलूकचे पाणी सुरू झाले की नाही, अल-होलमधून किती कुटुंबे घरी गेली, आफ्रिनला किती जण परतू शकले, हे त्यात असले तरी पुरे.



आपला नम्र,
परराष्ट्र पानाचा एक नियमित वाचक